दिवाळीला फिटलेली किराण्याची उधारी जूनमध्ये पुन्हा का चढते?

विदर्भातल्या कोरडवाहू गावांत किराण्याच्या खर्चाचे दुखणे दर वर्षी एकाच चालीने येते. कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की दिवाळीच्या आगेमागे दुकानाचे खाते बेबाक होते, संक्रांतीपर्यंत व्यवहार रोखीने चालतो, उन्हाळ्यात हात आखडतो, आणि मृग लागून बियाणे-खतांत होता तो पैसा गेला की तेल, डाळ, साखर पुन्हा वहीवर यायला लागते. पोळ्यापर्यंत आकडा एवढा फुगतो की सणाचे सामान आणायला घरची बाई स्वतः जात नाही, लेकराच्या हाती चिठ्ठी देऊन पाठवते. वर्षभरात कोणी उधळपट्टी केलेली नसते, आणि तरीही पुढच्या जूनमध्ये तेच खाते पुन्हा उघडते.

या दुखण्यावर जे सल्ले सर्रास दिले जातात, ते महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्या घरासाठी असतात. महिन्याची यादी करा, मोठ्या दुकानातली सवलत बघा, एकदाच सगळे भरा, असे त्यांचे स्वरूप असते. ज्या घरात उत्पन्न वर्षातून दोनदा येते, किंवा मजुरीचा चुकारा बाजाराच्या दिवशी आठवड्याने होतो, तिथे ही यादी पहिल्याच महिन्यात मोडते. अशा घराचा तोटा वस्तूच्या भावात जितका असतो, त्याहून अधिक ती वस्तू कोणत्या महिन्यात, किती आणि रोख की उधार घेतली यात असतो. म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करावी लागते. पुढचा मजकूर मुख्यतः कापूस-सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातल्या घरांना धरून लिहिला आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या धानाच्या घरांनी तुरीच्या जागी तांदूळ धरावा, हिशेबाची रीत बदलत नाही.

आधी वही वाचावी

निदानासाठी दुकानदाराकडून मागच्या पावसाळ्याची पाने उतरवून घ्यावीत किंवा मोबाईलवर फोटो काढून आणावेत. दुकानदार सहसा नाही म्हणत नाही, फक्त वसुलीच्या घाईच्या दिवशी जाऊ नये. पानावरची एकूण बेरीज बाजूला ठेवून एकेक ओळ वाचावी. आषाढातले एखादे पान साधारण असे असते: तूरडाळ अर्धा किलो, तेल एक पुडा, साखर अर्धा किलो, चहापत्ती दहाची, तेल एक पुडा, बेसन पाव किलो, साबण, डाळ अर्धा किलो, बिस्कीट, तेल एक पुडा. एकेक ओळ निरुपद्रवी दिसते. पण पेन घेऊन प्रत्येक ओळीपुढे खूण करावी. जी वस्तू आपल्याच शेतात पिकली होती तिच्यापुढे एक खूण, जी आठवड्यातून दोन-तीनदा थोडी थोडी आली तिच्यापुढे दुसरी, आणि जी ठरवून आणली नव्हती तिच्यापुढे तिसरी. ज्या खुणेची बेरीज मोठी निघेल, तिथून काम सुरू करावे. सर्व उपाय एकदम करू पाहणारे घर पंधरा दिवसांत सर्वच सोडून देते, हे बचत गटांच्या बैठकांत वारंवार दिसते.

एक खर्च या वहीत बहुधा सापडत नाही, कारण तो पानठेल्यावर होतो. दिवसाला दोन खर्रे, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुड्या, आणि एका खर्ऱ्याचे २० रुपये धरले, तरी महिन्याचे १,२०० रुपये होतात. पाच माणसांच्या घराचे महिन्याचे तेल त्यात येऊन वर उरते. घरातल्या बायांना साखरेवरून बोलण्याआधी हा हिशेब पुरुषांनी एकदा कागदावर मांडावा, एवढेच म्हणतो. आरोग्याचा मुद्दा वेगळा आणि त्याहून मोठा आहे.

पहिली खूण जास्त असेल तर: तूर विकून डाळ विकत घेणे

वऱ्हाडातल्या खर्चाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले जाणारे कारण हेच आहे. जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघते. आवक दाटलेली असते, तेव्हाच पीककर्जाची, लग्नकार्याची गरज उभी राहते, आणि सगळी तूर बाजार समितीत जाते. जुलैत तेच घर तूरडाळ अर्ध्या किलोने विकत घेते. या दोन टोकांच्या मधे वाहतूक, हमाली, तोलाई, डाळमिलचा खर्च, ठोक व्यापाऱ्याचा नफा, पाकिटाचा खर्च आणि शेवटी गावच्या दुकानदाराचा नफा इतके सगळे बसलेले असते, आणि ते खाणाऱ्याच्या ताटातून वसूल होते.

किती तूर राखावी, याचा अंदाज अवघड नाही. घरात रोज पाव किलो डाळ शिजत असेल तर महिन्याला साडेसात किलो लागते. जून ते नोव्हेंबर हे सहा टंचाईचे महिने धरले तर ४५ किलो. तुरीपासून साधारण ७० टक्के डाळ पडते असे धरून सुमारे ६५ किलो तूर बाजूला काढावी लागते, म्हणजे एक पोते भरून थोडी वर. पूर्ण वर्षाची राखता आली तर उत्तमच, पण ज्याच्यावर हप्त्याचे ओझे आहे त्याने निदान हे पोते गाडीत चढू देऊ नये. भाव वाढेल म्हणून माल अडवून धरणे हा जुगार आहे आणि तो पुष्कळांना महागात पडला आहे. खाण्यापुरती राखलेली तूर त्या खात्यात मोडत नाही, कारण भाव पडला तरी ती डाळ घरात लागणारच असते.

डाळ करण्याची रीत जुन्या बायांना ठाऊक आहे. तूर भिजवून किंवा तेलाचा हात चोळून कडक उन्हात वाळवायची, जात्यावर भरडायची, पाखडून टरफल आणि चुरी वेगळी करायची. ज्यांच्या घरी आता जाते फिरवणारे हात नाहीत त्यांनी जवळच्या गावात किंवा तालुक्याला डाळ करून देणारे लहान यंत्र कुठे आहे ते शोधावे. भरडाई किती आणि चुरी-टरफल कोणाचे, हे आधीच बोलून घ्यावे, कारण घरी ढोरे असतील तर त्या टरफलालाही मोल आहे. घरची डाळ मिलच्या डाळीइतकी चकचकीत दिसत नाही आणि काही दाण्यांना साल राहून जाते. शिजायला आणि चवीला त्याने काही बिघडत नाही. हेच गणित हरभऱ्याचेही आहे, म्हणजे बेसन आणि चणाडाळ घरच्या हरभऱ्याची, आणि भिवापूर भागातल्या मिरचीचे किंवा वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीचेही. ज्या गावात जे पिकते ते हंगामात अख्खे घेऊन घरी दळावे. दळलेल्या तिखट-हळदीच्या पुड्यांत पैसाही जास्त जातो आणि भेसळीची भीतीही राहते.

सोयाबीनला मात्र हे गणित लावू नये. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ ते २० टक्के असते, आणि ते मोठ्या कारखान्यात द्रावकाने काढून शुद्ध केले जाते. गावच्या घाणीचे ते काम नाही. घरचे जवस, तीळ किंवा भुईमूग असेल तर घाणीवर तेल काढून ढेप, म्हणजे पेंड, परत आणणे परवडते. दाणे विकत घेऊन घाणीचे फल्ली तेल काढणे ही चवीची हौस आहे, बचत नव्हे.

राखलेले धान्य पावसाळ्यात किडले तर केलेली सारी बचत उकिरड्यावर जाते, म्हणून साठवणुकीत आळस नको. तुरीच्या भुंग्याची लागण बहुधा शेतातच होते. अंडी दाण्यासोबत घरात येतात आणि दमट हवेत फोफावतात. अख्ख्या तुरीला तो जसा लागतो तसा सोललेल्या डाळीला लागत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातच तुरीची डाळ करून ठेवणे सर्वांत सुरक्षित. एप्रिल-मेचे ऊन विदर्भाला फुकट मिळालेले आहे. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवावा, सावलीत पूर्ण थंड होऊ द्यावा आणि मगच घट्ट झाकणाच्या कोठीत भरावा, कारण गरम दाणे भरले तर आत घाम धरतो. अख्खी तूर ठेवायचीच असेल तर कोठीत वर कोरड्या, चाळलेल्या वाळूचा साधारण ३ सेंटीमीटरचा थर दिल्याने भुंग्याचा वावर अडतो. कोठी जमिनीवर टेकवू नये, खाली लाकडी फळी द्यावी. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, राहत्या घरात कोणत्याही कारणाने वापरू नयेत. त्यातून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो.

दुसरी खूण जास्त असेल तर: पुड्या, पाव आणि छटाक

मजुरीवर चालणाऱ्या घरांत हाच खरा मुद्दा असतो. हाती दोनशे रुपये असताना पाच किलो साखर घ्या, असे सांगणे ही थट्टा आहे. त्यामुळे आधी जे बिनपैशाचे आहे ते करावे, म्हणजे पाकिटे तोलून बघावीत.

तेलाचा पुडा हातात घेऊन त्यावरचे बारीक अक्षर वाचावे. खाद्यतेलाचे १ लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. समजा लिटरचा पुडा १४० रुपयांना असेल, तर किलोचा भाव जवळपास १५४ रुपये पडला. शेजारी तसाच दिसणारा दुसरा पुडा पाच-सात रुपयांनी स्वस्त असतो, पण त्यावर ८५० किंवा ८०० ग्रॅम लिहिलेले आढळते. ठरावीक वजनाचीच पाकिटे काढण्याचे बंधन २०२२ पासून उठले आहे, तेव्हा यात बेकायदा काही नाही. बघण्याची जबाबदारी मात्र आपल्यावर आली आहे. त्याच नियमांतून एक सोयही झाली आहे. बहुतेक पाकिटांवर आता कमाल विक्री किमतीजवळ प्रतिग्रॅम, प्रतिमिलीलिटर किंवा प्रतिकिलो दर छापलेला असतो. शाळेत जाणाऱ्या मुलांना दुकानात नेऊन तो वाचायला लावावा. गणिताचा अभ्यासही होतो. तेलाच्या डब्याचेही असेच आहे. १५ लिटरच्या डब्यात तेल साधारण साडेतेरा किलोच्या वर थोडे असते, आणि १५ किलोचा डबा वेगळा, तेव्हा दोन दुकानांचे भाव विचारताना लिटर की किलो हे आधी विचारावे.

लहान पुडी नेहमीच महाग, असेही समजू नये. शॅम्पूची एक-दोन रुपयांची पुडी बाटलीपेक्षा मिलीलिटरमागे बरेचदा स्वस्त पडते. चहापत्ती, तिखट, मसाला यांच्या दहा रुपयांच्या पुड्यांत उलट अनुभव येतो. हे ऐकीव ठेवू नये, छापील दर बघूनच ठरवावे.

पैसा लागणारा उपाय म्हणजे एकत्र खरेदी. बहुतेक गावांत माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) किंवा उमेदचे (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे) महिला बचत गट आहेत. दहा-बारा घरांनी मिळून तालुक्याच्या ठोक दुकानातून तेलाचे डबे, साखरेचे पोते आणि चहापत्ती आणली तर चिल्लर आणि ठोक भावातला फरक घरात राहतो. पण असे प्रयोग भावावरून मोडत नाहीत, मापावरून आणि उधारीवरून मोडतात. म्हणून सुरुवातीला तीनच वस्तू घ्याव्यात, ज्यांचे पैसे आधी जमा झाले त्यांचाच वाटा आणावा, ऑटोचे भाडे वजनाप्रमाणे वाटून बिलातच धरावे, आणि तोलताना सर्वांसमोर तोलावे. अध्यक्षांच्या घरी उरलेला किलोभर माल कोणाचा, यावरून गट फुटलेले आहेत. तो उरलेला माल लिलावाने त्याच दिवशी द्यावा.

घरात डबा आला की हात सैल सुटतो, हा यातला धोका. पुड्यातून जपून ओतणारी तीच बाई डब्यातून पळीने काढते. त्यामुळे आठवड्याचे तेल रविवारी एका बाटलीत काढून उरलेला डबा बांधून ठेवावा. प्रकृतीच्या दृष्टीने माणशी दिवसाला २० ते ३० ग्रॅम तेल पुरेसे मानले जाते. पाच जणांना महिन्याला तीन ते साडेचार किलो. तुमच्या वहीत सात-आठ किलो निघत असेल तर भाव शोधत फिरण्याआधी कढई बघावी.

उधारीचा छुपा भाव

उधारीवर व्याज नाही, असे आपण समजतो, कारण ते वहीत वेगळे लिहिलेले नसते. ते दरात असते. रोख दर आणि खात्याचा दर एकदा सरळ विचारून घ्यावा; फरक नसेल तर दुकानदाराचे उपकारच म्हणायचे. त्यालाही ठोकवाला थांबत नाही, तेव्हा त्याला लुटारू ठरवण्यात अर्थ नाही. मोठे नुकसान असे की खाते असलेल्या घराला घासाघीस करता येत नाही आणि दुसरीकडे स्वस्त दिसले तरी जाता येत नाही.

एकदम उधारी बंद करणे कोणालाच जमत नाही. वहीतून एकेक वस्तू काढत जावे, आणि पहिली वस्तू तेल असावे, कारण पावसाळ्याच्या पानावर तेच सर्वांत जास्त वेळा येते. त्यासाठी ठरावीक येणारा सरकारी पैसा बांधून टाकावा. पीएम-किसानचे २,००० रुपयांचे वर्षातले तीन हप्ते, राज्याच्या नमो शेतकरी योजनेची तेवढीच जोड, किंवा लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये यांपैकी जे घरात येते, त्यातला एक भाग आला त्याच दिवशी तेलात घालावा. हप्ता मागेपुढे होतो, हे खरे. म्हणून पुढच्या हप्त्याच्या भरवशावर आज उधार घेऊ नये. दिवाळीला खाते फेडताना पान फाडून किंवा त्यावर सही घेऊन जवळ ठेवावे. पुढच्या वर्षी तुलना करायला तेच कामी येते.

शिधापत्रिका तपासून घ्यावी

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे ३५ किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून ही सवलत पाच वर्षांसाठी वाढवली आहे. घरात आलेली सून आणि जन्मलेले मूल यांची नावे चढवलेली नसणे, किंवा एखाद्याची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, राहून जाणे, या दोन कारणांनी हक्काचे धान्य सुटते. प्राधान्य कार्डावर दोन नावे म्हणजे महिन्याचे १० किलो. अंगठा लावल्यावर निघणारी पावती मागावी आणि तिच्यावरचे वजन जागेवरच ताडून बघावे. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे. कामासाठी बाहेरगावी राहणाऱ्यांना त्याच कार्डावर तिथल्या दुकानातून धान्य उचलता येते, हे अजून पुष्कळांना माहीत नाही.

दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला रेशनचा तांदूळ मातीमोल भावाने देऊन, मग दुकानातून दुसरा तांदूळ विकत आणणे, हा प्रकार बंद व्हावा. रेशनचे धान्य विकणे बेकायदा तर आहेच. भात जास्त होत असेल तर तो तांदूळ दळून चकल्या, पापड किंवा थालीपिठात घालावा, आणि तेवढे विकतचे पीठ कमी आणावे.

बाजार, परसबाग आणि छापील किंमत

आठवडी बाजारात दिवेलागणीला भाजी स्वस्त होते, पण त्या वेळची पालेभाजी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, दोन दिवसांच्या वर टिकत नाही. आलू, कांदे, लसूण दुपारी निवडून घ्यावेत आणि पालेभाजी मावळतीला. तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का ते बघावे. कुंपणावर दोडके-कारले, सांडपाण्यावर वांगी-भेदरे (टोमॅटो) आणि कपाशीच्या कडेने अंबाडी-बरबटी (चवळी) लावलेल्या घराला श्रावणात भाजी विकत घ्यावी लागत नाही, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको.

करांचे दोन मुद्दे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकिटबंद, लेबल लावलेल्या डाळ-धान्य-पिठावर ५ टक्के कर लागतो, सुट्यावर लागत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल आणि बिस्किटे यांच्यावरचा १८ टक्के कर ५ टक्क्यांवर आला आहे. कोणी छापील किमतीहून जास्त घेत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक फुकट लागतो.

इतके करूनही आकडा उतरत नसेल तर

तेलाच्या भावात घराचा दोष शोधू नये. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग आयात होतो, आणि आयात शुल्क वरखाली झाले की गावच्या दुकानातला पुडा हलतो. तिथे फक्त वापर कमी करता येतो. तूरडाळ भडकली तर आठवड्यातले दोन-तीन दिवस वरणाऐवजी चून (पिठले), बरबटीची उसळ किंवा उन्हाळ्यात घातलेल्या मुंगवड्यांची भाजी ठेवावी.

सुरुवात कुठून करायची, हे आज कोणता महिना चालू आहे त्यावर ठरते. तूर अजून खळ्यावर असेल तर खाण्याचे पोते आजच शिवून घरात आणावे. उन्हाळा असेल तर डाळ करून, मिरची-हळद दळून ठेवावी. पावसाळा लागून गेला असेल आणि घरात काहीच राखलेले नसेल, तर या हंगामात वहीतून फक्त तेल बाहेर काढावे, बाकीची उधारी दिवाळीपर्यंत तशीच चालू द्यावी, आणि तूर निघायच्या आधी पोत्याचा आकडा घरात सर्वांसमोर ठरवून ठेवावा.